बोनेटवरचा घरजावई

नव्या गाडीवर पहिला ओरखडा कोण काढतं? आमच्या जालना जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'भक्तिभाव' असंच निघतं. शोरूममधून सुटलेली गाडी घरी न जाता राजूरच्या रस्त्याला लागते. राजुरेश्वराच्या दारात बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक निघतं, हळदीची बोटं उमटतात, वर अक्षता पडतात आणि झेंडूचा हार चढतो. हार टिकावा म्हणून तो तारेत ओवलेला असतो आणि ती तार वाऱ्यानं बोनेटवर आपली सही करत राहते. नारळ खरं तर चाकापुढे दगडावर फोडायचा. पण उत्साही मेहुणा प्रत्येक घरात असतो. शेवटी मालक खिशातला रुमाल काढतो आणि मोठ्या मायेनं तांदूळ, कुंकू आणि रस्त्यावरची धूळ एकाच झटक्यात पुसून टाकतो. त्या मायेच्या रेघा गाडी विकेपर्यंत राहतात.

उरलेलं काम जालना शहर करतं. 'जालना सोने का पालना' असं जुनी माणसं सांगतात. पाळण्यात सोनं किती ते व्यापाऱ्यांना ठाऊक, हवेत लोखंड मात्र नक्की आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याची बिलेटं होतात, बिलेटांच्या सळया होतात आणि त्या सळयांवर महाराष्ट्रभर स्लॅब पडतात. या धंद्यात जो बारीक चुरा उडतो तो कुठेतरी बसणारच. तो पांढऱ्या गाडीवर बसतो, दवात भिजतो, गंजतो आणि काही महिन्यांनी दारांवर तांबूस टिपके दिसायला लागतात. मालक घाबरतो, गाडी गंजली म्हणून शोरूमवाल्याशी भांडून येतो. गंजलेली असते ती वर येऊन बसलेली पाहुणी कणी. पत्रा ठणठणीत असतो. त्यावर आयर्न रिमूव्हर नावाचं द्रावण मिळतं. फवारलं की टिपके जांभळे होऊन ओघळतात, बघायला फार छान वाटतं. फक्त त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि शाकाहारी कॉलनीत संध्याकाळपर्यंत दबक्या आवाजात चौकशी चालू राहते.

लोखंडावर मग काळ्या मातीची धूळ बसते आणि धुळीवर पाण्याचा प्रश्न. नळ काही दिवसांआड येतो. जायकवाडीहून एवढा प्रवास करून आलेलं पाणी गाडीवर ओतायला कोणाचा हात धजत नाही. धजलाच तर शेजारची वहिनी गच्चीवरून अशी बघते की बादली आपोआप खाली ठेवली जाते. बोअरचं पाणी असतं, पण ते इतकं जड की उन्हात वाळलं की गाडीवर चुन्याचे पांढरे गोल सोडून जातं. एकूण, गाडी धुणं हा सणावाराचा विधी झाला. रोजच्यासाठी आपल्याकडे एकच सर्वमान्य साधन आहे: कोरडा फडका.

या फडक्याची योग्यता जवळून पाहण्यासारखी आहे. तो एके काळी बनियन होता, किंवा पिवळा फ्लॅनेल. डिकीत स्टेपनीशेजारी, जॅकच्या बाजूला, ग्रीसच्या वासात त्याचा मुक्काम. त्याला कोणी धुतलेलं कोणाच्या स्मरणात नाही. सकाळी सातला तो बाहेर निघतो, आधी छतावरची धूळ गोळा करतो, मग तीच धूळ घेऊन बोनेटवर उतरतो, तिथून दारांवर आणि शेवटी, अजून दम उरला असेल तर, चाकाच्या कपावर. दुसऱ्या दिवशी चाकाच्या कपापासून पुन्हा छताकडे. धुळीत वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ असतं आणि क्वार्ट्झपुढे गाडीचा रंग म्हणजे लोणी. माणूस समजतो आपण गाडी पुसतोय. तो पॉलिश पेपर मारत असतो, तेही फुकट आणि रोज.

हे दिवसा कळत नाही. रात्री भोकरदन नाक्याजवळच्या पेट्रोल पंपावर दिव्याखाली गाडी उभी करा. प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसेल. गंमत अशी की ते ओरखडे गोल नसतातच. ते उभे, आडवे, तिरपे, जसा फडका फिरला तसे सगळीकडे असतात. दिव्याचा प्रकाश ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला गोल जाळं दिसतं. डोकं दोन पावलं सरकवलं की जाळंही दोन पावलं सरकतं. हा शोध एकदा लागला की माणसाची झोप उडते. आमच्या कॉलनीतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची अशीच उडाली. त्यात त्यांची गाडी काळी. जालन्यात काळी गाडी घेणं हा मुळात वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता रंगाबद्दल थोडं शास्त्र, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्या चकाकीसाठी आपण कर्ज काढतो ती अर्ध्या केसाच्या जाडीची आहे. ओरखडे या वरच्या थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा बुजवणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा, की ओरखडा 'गेला'. नीट केलं तर एका वेळी दोन-तीन मायक्रॉन जातात. धसमुसळेपणा केला तर किती जातात हे फेब्रुवारीत कळत नाही. मे महिन्यात बोनेटवर पापुद्रे सुटायला लागले की कळतं.

घासायची यंत्रं तीन जातींची. पहिली रोटरी: चकती एकाच अक्षावर गरगर फिरते, मिनिटाला 600 पासून 3,000 फेऱ्यांपर्यंत. ही गॅरेजवाल्यांची जुनी मैत्रीण. तिच्यात ताकद मोठी, पण अडाणी हातात रंग जाळते आणि शहाण्या हातातही उन्हात दिसणारे ढगाळ पट्टे सोडते, ज्यांना कारागीर 'होलोग्राम' म्हणतात. दुसरी जात ड्युअल अॅक्शन. यात चकती एका छोट्या वर्तुळात थरथरते आणि त्याच वेळी बेअरिंगवर मोकळी फिरतेही. ही सुरक्षित, पण तिचं वागणं जावयासारखं: जरा दाब दिला की रुसून फिरायचं थांबते. बोनेटच्या उंचवट्यावर, मडगार्डच्या गोलाईवर तर हमखास. नुसती जागच्या जागी गुरगुरते, काम शून्य. तिसरी जात फोर्स्ड रोटेशन. थरथर तीच, पण आत गिअर असतो. दाब द्या, गोलाईवर न्या, चकती फिरणारच. हा घरजावई. रुसायची सोय नाही. सासरा म्हणेल तेवढं फिरायचं.

या तिसऱ्या जातीतलं नावाजलेलं यंत्र जर्मन, फ्लेक्स कंपनीचं 3401. त्याचं थरथरण्याचं वर्तुळ 8 मिलिमीटर, फेऱ्या मिनिटाला 160 ते 480 आणि थरथर 3,200 ते 9,600. परदेशातले हौशी लोक त्याला 'बीस्ट' म्हणतात. याच फ्लेक्सनं 1954 मध्ये वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला, ज्याच्यावर आपल्या जालन्यातली निम्मी फॅब्रिकेशनची दुकानं आज ठिणग्या उडवतात. म्हणजे नातं जुनंच आहे. फक्त त्या 3401 ची किंमत ऐकली की आपल्याला ओरखडे आवडायला लागतात. म्हणून मग त्याच धर्तीची स्वस्त यंत्रं येतात: तेच आकारमान, तसाच डायल, नाव असं की उच्चारताना दात आड यावेत आणि खोक्यावर एक हसरी गोरी बाई, जिनं आयुष्यात कधी रबिंग केलेलं नाही.

काकांनी असंच एक मागवलं. घेण्याआधी त्यांनी बँकेच्या सवयीनं हिशेब मांडला: गॅरेजला रबिंग-पॉलिशचे इतके, वर्षातून दोनदा, म्हणजे इतक्या वर्षांत यंत्र फुकट. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "अहो, गॅरेजला आपण आजवर कधी नेली होती?" हिशेबाच्या वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता. यंत्रामागून मग फोमचे पॅड आले, एक लोकरीचा आला, कंपाऊंड, पॉलिश, मास्किंग टेप, मायक्रोफायबरची कापडं आणि ओरखडे बघायला टॉर्च आला. ओरखडे दिसू नयेत म्हणून सगळा खटाटोप आणि त्यातली एक खरेदी ते नीट दिसावेत म्हणून. या छंदाची अख्खी अर्थव्यवस्था त्या टॉर्चवर उभी आहे.

काम रविवारी सकाळी सुरू झालं. जागेचा प्रश्न आधी. उन्हात पत्रा इतका तापतो की कंपाऊंड लावलं तिथेच पापड होतो, म्हणून सावली हवी. कॉलनीत सावली एकच, लिंबाची. लिंबावर कावळे. त्यांच्या प्रसादात आम्ल असतं, तो वाळला की क्लिअर कोटमध्ये खोल ठसा उमटवतो. म्हणजे एकीकडे ओरखडा काढायचा आणि वरून नवी नक्षी पडायची वाट बघायची. विजेची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आली. यंत्राला आणि मिक्सरला मिळून पॉइंट एक. "चटणी वाटायचीय, तुमचं ते काढा," हे वाक्य त्या दिवशी यंत्राच्या सहा वेगांपेक्षा जास्त वेळा बदललं, चढत्या क्रमानं.

यंत्र हातात घेतल्यावर पहिला धडा असा मिळतो की ते कामापेक्षा प्रवासाला उत्सुक असतं. चकती सक्तीनं फिरते, त्यामुळे पॅड जरासा तिरपा झाला की यंत्र त्या बाजूला चालायला लागतं. रोटरीसारखा एकदम झटका देत नाही, पण लहान मूल बाजारात हात ओढतं तसं आपल्याला ओढत नेतं. पॅड पत्र्यावर सपाट ठेवला की शांत. दुसरा धडा स्विचचा. पॅडवर कंपाऊंडचे थेंब घ्यायचे, ते आधी यंत्र बंद ठेवून पत्र्यावर टेकवून पसरायचे, मग कमी वेगावर चालू करायचं. काकांनी हवेतच चालू केलं. कंपाऊंड गाडीवर नाही पडलं, बाकी सर्वत्र पडलं: काकांच्या चष्म्यावर, लिंबावर, शेजारच्या ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर. शेजारीण बाहेर आली, तिनं यंत्राकडे पाहिलं, कुरडयांकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. मराठवाड्यात याचा अर्थ फार गंभीर होतो.

एवढ्यात माणसं जमली. आपल्याकडे चालू यंत्राचा आवाज ही जाहीर सभेची सूचनाच असते.

"काय करू राहिले काका?"

"पॉलिश."

"कामून? भारी तर दिसू राहिली गाडी."

मग सल्ले. एकानं सांगितलं, रॉकेलचा हात फिरवा, नव्यासारखी होते. दुसऱ्याचं मत डिझेलचं. तिसरे, शिक्षक, म्हणाले, टूथपेस्ट लावा. यात हसण्यासारखं असलं तरी शास्त्र शिक्षकांच्या बाजूनं आहे: टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, म्हणजे ती एक हलकं पॉलिशच आहे. फक्त अख्ख्या गाडीला लावायची तर गावातली दुकानं रिकामी होतील. रॉकेल-डिझेलनं तेलकट थर चढतो, ओरखडे तेवढ्यापुरते लपतात आणि संध्याकाळपर्यंत तालुक्यातली धूळ त्यावर येऊन चिकटते. एक फॅब्रिकेशनवाला पोरगा मात्र सगळ्यांत पुढे होता. "एवढे पैसे कशाला घालायचे? माझ्या ग्राइंडरला फोम लावतो अन् देतो करून." चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेऱ्या मारतो. त्यानं क्लिअर कोट जातो, रंग जातो, प्रायमर जातो आणि पत्रा मात्र खरोखर चकाकतो.

एक जुने ड्रायव्हर तेवढे गप्प उभे होते. त्यांनी अॅम्बॅसॅडर आणि फियाट पुसल्या होत्या. त्या काळच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा. रबिंग केलं की फडक्यावर गाडीचाच रंग यायचा. "आमच्या टायमाला फडका बघूनच कळायचं, गाडी किती उरली," असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत पॉलिशबद्दल इतकं नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. आता मशीन जो थर नेतं तो पारदर्शक असतो, पॅडवर दिसत नाही, म्हणून माणूस बिनघोर घासत बसतो.

तरीही काम झालं, हे कबूल करायला पाहिजे. काकांनी बोनेटच्या मधोमध टेप लावला, कडांना टेप लावला (कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि जळतो पहिला तिथेच), मग दीड-दोन फुटांचा चौकोन धरून हात मुंगीच्या चालीनं फिरवायला सुरुवात केली. आडवं, मग उभं, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत. घाई केली तर यंत्राचा काही उपयोग नाही. फिरण्याचं काम त्याचं आहे, आपण फक्त न्यायचं. पुसल्यावर टॉर्च मारला. टेपच्या डावीकडे कोळ्याचं जाळं, उजवीकडे काळंभोर, खोल, आत लिंबाची पानं मोजता येतील असं बोनेट. सभा गप्प झाली. शिक्षकसुद्धा.

इथेच काका फसले. अर्धं बोनेट आरशासारखं करून माणूस थांबू शकत नाही. आता उरलेलं बोनेट, मग मडगार्ड, मग चार दारं, छत, डिकी आणि ते प्लॅस्टिकचे बंपर, जिथे उष्णता पसरत नाही म्हणून सगळ्यात जपून जावं लागतं. स्वस्त यंत्रात आतल्या वजनांचा तोल जेमतेम साधलेला असतो. तासाभरानं हाताला मुंग्या येतात, तासाभरानंतर त्या जातच नाहीत. यंत्राचं डोकं एवढं तापतं की मध्ये मध्ये त्याला सावलीत ठेवून स्वतः चहा प्यावा लागतो. पॅडमागचा व्हेल्क्रो उष्णतेनं सैल होतो आणि एखाद्या बेसावध क्षणी पॅड निसटून थेट गटाराकडे निघतो. गटारात पडलेला पॅड धुऊन परत वापरायचा नसतो, हे काकूंना पटवायला वेळ लागला. "धुतल्यावर काय होतंय?" या प्रश्नाला मायक्रॉनमध्ये उत्तर देता येत नाही.

दोन रविवार गेल्यावर गाडी अशी झाली की काका घरातून निघताना केस गाडीच्या दारात बघून नीट करू लागले. आणि दुसरी भानगड सुरू झाली. यंत्र ही उसनं मागायची वस्तू आहे, हे कॉलनीला कळलं. एकानं ते ओट्याच्या ग्रॅनाइटसाठी नेलं, एकानं लेकीच्या लग्नाआधी लाकडी सोफ्यासाठी. समोरच्या आजोबांनी तांब्याच्या घंगाळाला लावून पाहिलं आणि 'चिंचेची बरोबरी नाही' असा निकाल देऊन परत पाठवलं. ज्या कामासाठी यंत्र जन्मलं त्यासाठी फक्त एकानं मागितलं, आणि त्याची गाडी होती पांढरी.

पांढऱ्या गाडीबद्दल एक शब्द बोलायलाच हवा, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त गाड्या याच रंगाच्या विकल्या जातात. जालन्यात तर नेत्याचा सदरा आणि नेत्याची गाडी एकाच ताग्यातून निघाल्यासारख्या असतात. पांढऱ्या रंगावर ओरखड्यांचं जाळं डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. ते असतं, पण दिसत नाही. त्यामुळे पांढऱ्या गाडीवर अख्खा रविवार राबून माणसाला मिळतं ते फक्त आत्मिक समाधान. ते हवं असेल तर जांब समर्थला जाऊन यावं, घनसावंगी तालुक्यात आहे, वीज लागत नाही.

आता माझं मत. यंत्र वाईट नाही. स्वस्तातलं फोर्स्ड रोटेशनही, मऊ पॅड लावून, बारीक पॉलिश घेऊन, सपाट धरून, कडा सोडून वापरलं तर नवशिक्याच्या हातून सहसा गाडी जळत नाही, आणि मोकळ्या फिरणाऱ्या यंत्रासारखं गोलाईवर येऊन अडतही नाही. पण काकांच्या दारात काम संपल्यावर तिसऱ्याच दिवशी सकाळी सातला मी जे पाहिलं त्यापुढे कुठलाही गिअर टिकणार नाही. गाडी पुसायला येणारा पोरगा आला, त्यानं डिकी उघडली, स्टेपनीशेजारचा तोच पिवळा फ्लॅनेल काढला, दोनदा झटकला आणि छतापासून सुरुवात केली. काका आत पेपर वाचत होते. घासून कमी केलेल्या थरावर तो मन लावून पुन्हा जाळं विणत होता.

म्हणून यंत्र घेणाऱ्यांनी खर्चाचा क्रम बदलावा, एवढंच. आधी दोन बादल्या आणि मायक्रोफायबरचं एक जाड कापड. पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉशचं द्रावण मिळतं; एका बादलीत अख्खी गाडी निघते आणि गच्चीवरच्या वहिनीलाही चालतं. तो पिवळा फ्लॅनेल सायकलच्या चेनला द्यावा. हे सहा महिने जमलं तर मग यंत्र घ्या. एकदा जाळं काढा आणि माळ्यावर ठेवा, वर्षभर त्याचं तोंड बघू नका. क्लिअर कोट परत वाढत नाही.

आणि एक विनंती, जिल्ह्यातल्या सर्व होतकरू लेखकांना. बसस्टँडसमोर, मोंढ्यात, कॉलेजच्या गेटवर धुळीनं माखलेली गाडी दिसली की तिच्या डिकीवर बोटानं 'मला धुवा' किंवा कोणाचं तरी नाव लिहायची ऊर्मी येते. धुळीखाली वाळू असते. प्रत्येक अक्षर क्लिअर कोटात कोरलं जातं आणि गाडी धुतल्यावरही उन्हात वाचता येतं. लिहायचंच असेल तर मागच्या काचेवर लिहा. काच रंगापेक्षा पुष्कळ कठीण असते.